पैलवानाने तीन वेळा पाडले, आता काय करू?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. वय 26. गेली 14 वर्षे शोतोकान कराटे करतो आहे, दुसरा दान (काळ्या पट्ट्याची दुसरी श्रेणी) मिळाला आहे आणि शाळेच्या सभागृहात संध्याकाळी चाळीसेक मुलामुलींचा वर्ग घेतो. आमच्या गावात जुनी तालीम आहे आणि तिथला माझ्याच वजनाचा एक पैलवान माझ्या ओळखीचा आहे. गेल्या महिन्यात गप्पांतून विषय निघाला आणि आम्ही शाळेच्या मैदानावर ‘सहज म्हणून’ समोरासमोर उभे राहिलो. तिन्ही वेळा त्याने पाय धरून मला पाडले. एकदाही दहा सेकंदांच्या पुढे गेले नाही. तिसऱ्या वेळी मी हातावर पडलो, मनगट अजून दुखते. कोणीतरी मोबाइलवर चित्रीकरण केले, ते गावभर फिरले आणि तीन पालकांनी मुले वर्गातून काढली. माझे सेन्सेई (कराटेचे गुरू) म्हणतात की दुसऱ्या शैलीच्या माणसाशी हात मिळवायलाच नको होता. पैलवान म्हणतो, पुन्हा ये. छत्रपती संभाजीनगरच्या एका मित्राचे म्हणणे आहे की या वेळी तोंडावर मारायची मुभा मागून घे, म्हणजे त्याला कळेल. माझी 14 वर्षे वाया गेली का? सेन्सेईंचे ऐकू का? आणि पुन्हा गेलो तर कसे जाऊ?

उत्तर : तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या आधी तुम्ही न विचारलेल्या गोष्टीबद्दल लिहितो. मनगट अजून दुखते असे तुम्ही तीन शब्दांत लिहून पुढे गेला आहात आणि मला मात्र सगळ्या पत्रात तेच तीन शब्द सर्वांत काळजीचे वाटले. पडताना माणूस तळवा जमिनीला टेकवतो, तेव्हा अंगाचे सगळे वजन मनगटावर येते आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेले स्कॅफॉइड नावाचे लहानसे हाड चिरू शकते. हे हाड फसवे आहे. पहिल्या एक्स-रेमध्ये त्याची चीर पुष्कळदा दिसत नाही, सूज उतरते, मुरगळले असेल म्हणून माणूस सोडून देतो आणि त्या हाडाला रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे ते नीट जुळून येत नाही. मग पुढे आयुष्यभर मनगट कुरकुरत राहते. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो, तिथे दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबून पाहा. तिथे कळ येत असेल तर उद्याच, आणि येत नसली तरी या आठवड्यात, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. आधी एक्स-रे काढला असेल तर तो सोबत न्या आणि महिनाभर दुखते आहे हे स्पष्ट सांगा. तोवर मनगट कोणाकडूनही चोळून घेऊ नका आणि वर्गात त्या हाताने ठोसे मारून दाखवू नका. खालचे सगळे लिखाण त्या हाडाचा निकाल कळल्यानंतरचे आहे, असे समजून वाचा.

आता तुम्ही का पडलात ते पाहू, कारण ते नीट समजले तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. कुमितेमध्ये, म्हणजे कराटेच्या लढतीत, तुम्ही पुढचा पाय पुढे टाकून उसळत उभे राहता, अंतर मोजता, क्षण साधून आत शिरता, ग्याकु-झुकी, म्हणजे मागच्या हाताचा ठोसा, मारता आणि हात झटकन मागे घेता. तिथे पंच ‘यामे’ म्हणतात, दोघेही थांबतात, गुण दिला जातो आणि पुन्हा सुरुवात होते. तुमच्या शरीराने 14 वर्षे हे शिकून ठेवले आहे की ठोसा पोहोचला म्हणजे काम संपले. पैलवानाचे काम नेमके त्याच क्षणी सुरू होते. खडाखडीत, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीच्या हातझटापटीत, तो समोरच्याचे मनगट, कोपर, मान चाचपून तोल कुठे आहे ते शोधत असतो. तुमच्या बाबतीत त्याला तेवढेही कष्ट पडले नसतील, कारण तुमचा पुढचा पाय त्याच्यासमोर आधीच मांडून ठेवलेला होता. तो गुडघ्यात वाकला, एक हात तुमच्या गुडघ्याच्या मागे गेला, कपाळ तुमच्या बरगड्यांना टेकले, पाय वर उचलला गेला आणि तुम्ही एका पायावर नाचत असताना त्याने खांद्याने रेटले. हा एकेरी पट आहे. तो हा डाव वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षापासून रोज पहाटे, जिवंत माणसावर, समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करत असताना काढत आला आहे. तुमच्यावर मात्र पाय धरण्याचा प्रयत्न 14 वर्षांत किती वेळा झाला, हे स्वतःलाच विचारून पाहा.

प्रत्येक शैलीचे नियम तिच्या माणसाला एका बाजूने घडवतात आणि दुसऱ्या बाजूने त्याला झाकून ठेवतात; शैली बदलून समोर उभे राहिले की ती झाकलेली बाजू उघडी पडते. याला कोणतीही शैली अपवाद नाही. तायक्वांदोच्या स्पर्धेत हाताने तोंडावर मारता येत नाही, म्हणून त्यांचे चांगले चांगले खेळाडू हात खाली सोडून उभे राहतात आणि मुष्टियोद्ध्यासमोर पहिल्याच मिनिटाला अडचणीत येतात. क्योकुशिन कराटेत उघड्या हातांनी पूर्ण ताकदीचे ठोसे चालतात, पण चेहऱ्यावर चालत नाहीत, म्हणून ते छातीला छाती लावून उभे राहण्याइतके जवळ जातात. ज्युदोचे उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर घडले. आंतरराष्ट्रीय ज्युदोत 2010 मध्ये हाताने पाय धरण्यावर बंधने आली आणि 2013 मध्ये ते पूर्णच बंद झाले. त्यानंतर शिकलेला ज्युदोपटू ताठ उभा राहतो आणि आपल्या तालमीतल्या पोराने पट काढला की त्याच्याही हातून तीच चूक होते जी तुमच्या हातून झाली. जुने ज्युदोपटू असे सहजी सापडत नसत. कला तीच आहे, नियमांचा एक परिच्छेद बदलला आणि माणसाची उभे राहण्याची पद्धत बदलली.

नियम किती दूरवर पोहोचतात याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला 26 जून 1976 रोजी टोकियोच्या बुडोकान सभागृहात सगळ्या जगाने पाहिला. मुष्टियुद्धाचा जगज्जेता मुहम्मद अली आणि जपानी कुस्तीगीर अँटोनिओ इनोकी समोरासमोर आले. इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. पडलेल्या माणसाला मारायचे अलीला ठाऊक नव्हते आणि उभ्या अलीजवळ जाण्याचे धाडस इनोकीला करायचे नव्हते. 15 फेऱ्या झाल्या, लढत बरोबरीत सुटली, प्रेक्षक चिडले आणि अलीला सुजलेल्या पायांवर उपचार घ्यावे लागले. त्या दोघांपैकी कोणीही आपल्या कलेत कमी नव्हता. ‘कोण श्रेष्ठ’ हा प्रश्न घेऊन ते उतरले आणि त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळण्यासारखेच नव्हते.

म्हणून तुमची 14 वर्षे वाया गेलेली नाहीत, हे मी तुमचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. शोतोकानमध्ये तुम्ही जे शिकलात, ते म्हणजे अंतर ओळखणे आणि समोरचा हलायच्या क्षणी आत शिरणे, हे मिश्र लढतींच्या पिंजऱ्यातही टिकलेले आहे. ब्राझीलचा ल्योतो माचिदा शोतोकानच्या घरातला. त्याचे वडील जपानी कराटे शिक्षक. मे 2009 मध्ये तो यूएफसी या मिश्र लढतींच्या स्पर्धेच्या लाइट हेवीवेट गटाचा विजेता झाला, तेव्हा त्याचे उभे राहणे आणि त्याचे अंतर अस्सल शोतोकानचे होते. परंतु त्याने सुमो आणि ब्राझिलियन जिऊ-जित्सू या पकडीच्या कलाही केल्या होत्या, म्हणजे कोणी पाय धरायला आला तर काय करायचे हे त्याला कराटेबाहेर जाऊन शिकावे लागले होते. तुमच्याजवळ पहिला भाग आहे. दुसरा भाग तुमच्या गावातल्या तालमीत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि तो शिकवायला पैलवान स्वतःहून ‘पुन्हा ये’ म्हणतो आहे. मुंबई-पुण्यातली मुले यासाठी महिन्याला मोठी फी भरतात.

सेन्सेईंच्या म्हणण्याला मी हलके समजत नाही आणि तुम्हीही समजू नका. शोतोकानचे मूळ पुरुष गिचिन फुनाकोशी हे स्वतः मुक्त लढतीच्या विरोधात होते. ते एप्रिल 1957 मध्ये वारले आणि जपान कराटे असोसिएशनची पहिली अखिल जपान स्पर्धा त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात झाली. तेव्हा तुमच्या सेन्सेईंच्या मनातली भीती परंपरेतूनच आलेली आहे आणि तुमच्या बाबतीत ती खरीही ठरली, कारण मनगट दुखावले आणि वर्गाचे नाव गेले. पण त्याच जपानमध्ये कानो जिगोरो यांचे उदाहरण आहे, ज्यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन केली. विद्यार्थीदशेत त्यांच्याहून खूप वजनदार असलेला एक सोबती त्यांना हरत नव्हता, तेव्हा त्यांनी सुमोचे डाव धुंडाळले, पाश्चात्त्य कुस्तीची पुस्तके चाळली आणि त्यातून खांद्यावर आडवे घेऊन फेकण्याचा काता-गुरुमा हा डाव घडवला. तुमचा पैलवान मित्र त्याच्याशी अगदी मिळताजुळता डाव कलाजंग म्हणून काढतो. एवढी मोठी कला उभी करणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या घरातून शिकण्यात कमीपणा वाटला नाही.

सेन्सेईंपासून लपवून मात्र काहीही करू नका. त्यांच्याकडे जा, झाले ते स्वतःच्या तोंडाने सांगा आणि परवानगी मागताना ‘लढायला जातो’ असे न म्हणता ‘पडायला आणि पाय सोडवायला शिकायला जातो’ असे म्हणा, कारण खरे तेच आहे. तालमीतही हीच रीत आहे. वस्तादांना न विचारता चांगला पैलवान दुसऱ्या तालमीच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरत नाही. सेन्सेईंनी तरीही नकार दिला तर वर्गाचे नाव, पट्टा आणि पोशाख घरी ठेवून, एक साधा माणूस म्हणून जा आणि तसे जाणार आहात हेही त्यांना सांगून जा. ते काही दिवस रागावतील. पाठीमागून कळले तर कायमचे दुरावतील.

आता तुमच्या संभाजीनगरच्या मित्राच्या सल्ल्याविषयी, आणि इथे मला कठोर लिहावे लागेल. तोंडावर मारायची मुभा मागून घेण्याचा विचार मनातून काढून टाका. पट काढताना पैलवान डोके पुढे आणि खाली आणतो, कारण त्याच्या नियमांत त्याच्या चेहऱ्याला धोका नाही. डोळे तुमच्या मांडीवर असतात आणि हात तुमच्या पायाकडे गेलेले असतात. अशा वेळी तुम्ही वर घेतलेला गुडघा किंवा ठोसा त्याच्या नाकावर, डोळ्यावर बसेल आणि तो स्वतःला वाचवूच शकणार नाही, कारण ते त्याला कधी शिकवलेलेच नाही. ज्या ठिकाणी तो झाकलेला नाही तिथेच मारायची परवानगी त्याच्याकडून, त्याला नीट न कळू देता घेणे, याला सराव म्हणता येत नाही. शिवाय तुमचा एखादा ठोसा बसला तरी तो पाय सोडेल असे नाही. चिडलेला पैलवान उचलून आपटतो आणि शाळेच्या मैदानावर मुरमाशिवाय काही नाही.

हे मी पुस्तकातून लिहीत नाही. मी 19 वर्षांचा होतो, लातूर जिल्ह्यात आमच्या गावच्या तालमीत वाढलेला आणि शहरात कॉलेजला आलेला. वर्गातला एक मुलगा मुष्टियुद्ध करायचा आणि बारा दिवसांनी त्याची विद्यापीठाच्या संघाची निवड चाचणी होती. एका दुपारी वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही ‘हलक्या हाताने’ खेळायचे ठरवले. हलका हात म्हणजे काय, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारले नाही. त्याच्या मते ठोसा स्पर्शापुरता मारणे म्हणजे हलका हात. माझ्या मते दुहेरी पट (दोन्ही पाय धरण्याचा डाव) काढून माणसाला उचलायचे आणि न आपटता खाली ठेवायचे म्हणजे हलका हात. मी त्याला तसेच, अगदी जपून, खाली ठेवले. खाली माती नव्हती, शहाबादी फरशी होती, आणि त्याला पडायचे कसे हे ठाऊक नव्हते; त्याने घाबरून हात ताठ पुढे केला आणि कोरडी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. गळपट्टीचे हाड मोडले होते. तो निवड चाचणीला गेला नाही आणि त्यानंतरच्या वर्षी त्याने खेळच सोडला. त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याच्या आईने मला चहा दिला आणि एक शब्दही विचारला नाही. पुढे मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो, ज्युदो शिकायला गेलो, आणि तिथे पहिले दोन महिने आम्हाला फक्त पडायला शिकवले, तेव्हा त्या दुपारचा अर्थ मला पुरता कळला.

म्हणून पुन्हा जाल तेव्हा सुरुवात पडण्यापासूनच करा. हनुवटी छातीला टेकलेली, पाठ गोल, आणि पडत्या क्षणी संपूर्ण हात कोपरापासून तळव्यापर्यंत अंगापासून थोडा दूर जमिनीवर आपटायचा. तळवा एकटा कधीही टेकवायचा नाही. आधी उकिडवे बसून मागे लोळण, मग अर्धे वाकून, मग उभे राहून. हे लाल मातीच्या हौद्यात शिका. तुमच्या सभागृहात फरशी असेल तर जाड मॅट येईपर्यंत तिथे कोणालाही पाडू नका आणि कोणाकडूनही पडू नका. मी तुम्हाला किमान तीन आठवडे एवढेच करायला सांगेन, आणि ते करताना पैलवानांबरोबर जोर-बैठका मारा, हौदा खणा, लहान पोरे पट कसा काढतात ते बाजूला बसून पाहा. तुमच्याहून पंधरा किलोंनी हलके पोरही तुम्हाला पाडेल. पडा.

त्यानंतर लढत नको, लढतीचा एक तुकडा घ्या. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी करून घेतो तो प्रकार सांगतो. पैलवानाने फक्त एकच करायचे : तुमच्या पुढच्या पायाच्या गुडघ्यामागे दोन्ही हातांची पकड जुळवायची. पाडायचे नाही. तुम्ही फक्त एकच करायचे : तो आत येत असताना पकड जुळण्याच्या आधी उघडा तळवा त्याच्या खांद्याला किंवा कपाळाला अलगद लावायचा आणि कोनात बाजूला निघायचे. पकड आधी जुळली तर त्याचा गुण, तळवा आधी टेकला तर तुमचा. दहा वेळा करा आणि थांबा. पहिल्या दिवशी तुम्हाला दहापैकी एखादाच गुण मिळेल. पण त्या एका वेळी काय वेगळे घडले हे तुम्हाला स्वच्छ दिसेल. बहुधा असे आढळेल की तुमचा पाय नेहमीपेक्षा वीतभर मागे होता, किंवा तुम्ही त्याच्या डोळ्यांऐवजी कमरेकडे पाहत होता. हा खेळ दोघांनाही काही देतो. तुम्ही आत शिरण्याच्या क्षणाची पारख तिथे वापरता, आणि डोके उघडे टाकून वाकले की तळवा कुठून येतो हे त्याला पहिल्यांदाच कळते, तेही नाक न फुटता. पुढचा तुकडा पकड जुळलेल्या अवस्थेतून सुरू करा : पाय त्याच्या हातात आहे, आता दहा सेकंदांत तो सोडवायचा. पाय मागे फेकून कमरेचे वजन त्याच्या खांद्यावर कसे टाकायचे, हे वस्ताद एका सकाळी दाखवतील, आणि तुम्हाला ते जमायला सहा महिने लागतील.

मारणे आणि पकडणे एकत्र आणायची वेळ त्यानंतर येईल, आणि तेव्हा ठोसे फक्त धडावर, तुमच्या हातात 16 औंसांचे मोजे, दोघांच्या तोंडात दातांचे संरक्षक, दोघांना जांघेचे संरक्षक, आणि फेरी दोन मिनिटांची. शिरस्त्राण घातले म्हणजे डोक्यावर मारायला हरकत नाही, असे मुलांना वाटते. शिरस्त्राणाने कातडी फाटत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. चुकून कोणाच्या डोक्याला मार बसला आणि तो क्षणभर जरी गोंधळला, तरी त्या दिवशी त्याचा खेळ संपला. तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी संपला. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, दोन-दोन दिसणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले तर घरी झोपवू नका, रुग्णालयात न्या.

एक गोष्ट तुमच्या लक्षात न येण्याची शक्यता आहे, कारण ती दोन्ही शैलींच्या मधोमध पडते. कुस्तीत हार पाठ टेकण्याने होते. हाताने थापटून शरण जाण्याची पद्धत पैलवानाच्या अंगवळणी नसते. तुम्ही कातामधून, म्हणजे कराटेच्या ठरावीक हालचालींच्या मालिकेतून, मनगट आणि कोपर मुरगळण्याचे जे प्रकार शिकला असाल, ते त्याच्यावर केलेत तर तो सवयीप्रमाणे जोर लावून प्रतिकार करेल आणि सांधा निखळेल. म्हणून सांध्यांचे सगळे प्रकार आणि गळा आवळणे पहिल्या वर्षात पूर्ण बाजूला ठेवा, आणि तरीही सुरुवातीलाच ठरवून घ्या की दोन वेळा थापटले किंवा ‘बस’ म्हटले की त्याच क्षणी हात सुटला पाहिजे. जोड लावताना वजनाचा फरक पाच किलोंच्या आत असू द्या. वस्ताद किंवा त्यांनी नेमलेला जाणता माणूस हौद्याच्या काठावर उभा असल्याशिवाय सुरुवात करू नका. नखे कापलेली असावीत, अंगावर नायटा किंवा पुरळ असलेल्याने त्या दिवशी उतरू नये आणि बाहेर आल्यावर लगेच अंघोळ करावी, कारण तालमीत कातडीचे रोग एकाकडून सगळ्यांकडे जातात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर जातो, तेव्हा हे सगळे पहाटेच उरकले पाहिजे.

आणि मोबाइल नको. तुमचे निम्मे नुकसान पडण्याने झाले नाही, त्या चित्रीकरणाने झाले. प्रेक्षक आले की ठरवलेला तुकडा बाजूला राहतो आणि दोघेही जिंकायला लागतात. मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता कोणी मोबाइल काढला तर मी सराव थांबवतो. नांदेडला होला महल्ला या शीख उत्सवाच्या दिवसांत मी विद्यार्थ्यांना घेऊन गतका हा शीखांचा शस्त्रखेळ पाहायला जात असे. तिथे हजारो लोकांसमोर काठी आणि ढाल घेऊन खेळणारे तरुण शांतपणे खेळू शकतात, कारण समोरच्याचा प्रत्येक हात त्यांच्याच परंपरेतला आणि त्यांच्या ओळखीचा असतो. तुमच्यात आणि पैलवानात ती ओळख अजून व्हायची आहे.

पैलवानाशीही मोकळेपणाने बोला. तुम्ही सांगितलेले त्याला तुमच्या अपेक्षेपेक्षा लवकर समजेल, कारण हा अनुभव त्याच्या घरातच आहे. मातीत चितपट करायला शिकलेला गडी मॅटवर गेला की तिथले गुण, घड्याळ आणि रेषा त्याला नव्याने शिकाव्या लागतात, आणि तोवर तोही हरतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्याचे राहुल आवारे यांनी 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्णपदक आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्यपदक मिळवले, ते मॅटवरच्या कुस्तीत. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालमीत आज दुसऱ्या नियमांत जाऊन शिकायचे स्वप्न पाहणारी दोन-चार पोरे असतात. तुमचा मित्र त्यांपैकी एक असेल तर त्याला तुमच्याकडून अंतर शिकायचे असेल, आणि ‘पुन्हा ये’ या शब्दांत चिडवणे नसेलही.

वर्गातल्या मुलांना काय सांगायचे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण ती चाळीस मुले माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यांनी ते चित्रीकरण पाहिले आहे. तुम्ही गप्प राहिलात तर त्याचा अर्थ ती स्वतःच लावतील. त्यांना समोर बसवा, एका मुलाला पैलवानाच्या जागी उभे करून पट कसा काढला गेला ते हळूहळू करून दाखवा, आपला पाय कुठे होता ते दाखवा आणि मी आता हे शिकायला जाणार आहे असे सांगा. ज्या तीन पालकांनी मुले काढली त्यांच्या घरी जा. मुले परत पाठवा म्हणायला नको, फक्त झाले काय ते सांगायला. पण दुसऱ्या शैलीच्या मुलांशी या मुलांच्या लढती लावू नका. त्यांची हाडे वाढीची आहेत आणि ‘हलका हात’ त्यांना समजत नाही. मॅट आली की त्यांना पडायला शिकवा, आणि तोवर जमिनीवर खडूने वर्तुळ काढून खांद्याने रेटून बाहेर काढण्याचा खेळ द्या; तोल म्हणजे काय ते त्यातून कळेल आणि चेहरे हसरे राहतील.

आधी हाडाचा निकाल येऊ द्या. चीर निघाली तर प्लास्टर आठवड्यांचे असेल, कधी महिन्यांचेही, आणि त्या काळात तालमीत जाऊन नुसते बसायला कोणाची हरकत नसते. डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला मोकळीक दिली की एखाद्या शनिवारी पहाटे तालमीतल्या मारुतीसाठी नारळ घेऊन जा, पैलवान मित्राला सोबत घ्या, आणि वस्तादांना सांगा की तुम्हाला पडायला शिकायचे आहे. मनगटाचे काय झाले ते मला नक्की कळवा.